तारेची वेणी

फोन वाजला तेव्हा वीर नुकताच झोपला होता आणि उपासना त्याचे श्वास मोजत होती.

मोजायची काही गरज नव्हती. तीन महिन्यांचं, बाळसं धरलेलं पोर. पण बाळंतपणानंतर तिला हसू येत नव्हतं की रडू येत नव्हतं. हे मोजणं तेवढं जमत होतं.

"मी सही करतोय," रवी म्हणाला.

"कशावर?"

"रिपोर्टवर. पाचपर्यंत द्यायचाय. 'इन्स्टॉलेशनमधली चूक माझी.' एकदा केली की संपलं."

संपलं म्हणजे काय, ते दोघांनाही पाठ होतं. नोकरी गेली की अमेरिकेत राहायला साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी व्हिसासकट घ्यायला तयार झाली नाही, तर श्रूजबरीतलं हे भाड्याचं घर आवरायचं आणि नागपूरचं विमान पकडायचं. तेही चालेल. पण कपाळावर एका माणसाच्या बोटांचा शिक्का घेऊन.

दोन आठवड्यांपूर्वी प्रल्हाद काकांच्या कारखान्यात प्रसाद नावाच्या कामगाराचा उजवा हात पट्ट्यात सापडला होता. फ्रोझन पोळ्या आणि पराठ्यांचा कारखाना. कणकेचे गोळे पट्ट्यावरून लाटायच्या प्रेसखाली जातात. गोळा अडकला म्हणून प्रसादने पट्ट्याचा वेग शून्यावर आणला आणि हात घातला. पट्टा आपोआप चालू झाला. दोन बोटं गेली.

त्या पट्ट्याची मोटर, तिचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, त्यांच्यामधल्या केबल्स, सगळं रवीने बसवलेलं होतं. तेरा एप्रिलला. जयंतीच्या आदल्या दिवशी. वीर तेव्हा अठरा दिवसांचा होता.

"तुला आठवतं का, तू काय केलंस ते?" तिने विचारलं.

"तेच तर आठवत नाही नं. तीन तास झोप झाली होती. तू फोन करत होतीस."

सतरा वेळा. तिलाही माहीत होतं. वीर दूध ओढत नव्हता आणि ती घाबरली होती. रवीच्या फोनची बॅटरी त्यातच संपली. एरवी काम झालं की तो प्रत्येक जोडाचा फोटो काढायचा. त्या दिवशी एकही काढला नाही.

"रिपोर्ट मला पाठव," ती म्हणाली. "आणि पाचपर्यंत थांब."

"पाहून काय करशील, उपासना?"

"इलेक्ट्रिकलची डिग्री माझ्याकडेपण आहे. हिंगण्याला तीन वर्षं पॅनेल बनवलीत मी. विसरलास?"

तो विसरला नव्हता. ती विसरत चालली होती.

रिपोर्टमध्ये तीन फोटो होते.

पहिला भिंतीवरच्या पॅनेलचा. मोटरच्या केबलवर तारेची जाळी असते, वीज आत आणि जाळी बाहेर. ती जाळी चारही बाजूंनी स्टीलच्या कडीत आवळलेली. स्वच्छ काम. शेजारच्या बारीक सिग्नल केबलची जाळीही तशीच.

दुसरा फोटो मोटरवरच्या डबीचा. इथे कडी नव्हती. जाळी पिंजून, पीळ घालून तिची वेणी केली होती आणि ती एका स्क्रूखाली दाबली होती. आतल्या तीन तारांवर टेप होत्या. लाल, पिवळी, निळी.

तिसरा फोटो सिग्नल केबलच्या मशीनकडच्या टोकाचा. तिथेही वेणी.

खाली तज्ज्ञाने लिहिलं होतं: घाईत केलेलं काम. इन्स्टॉलर त्या दिवशी लवकर निघून गेला. टेपचे रंग अमेरिकेतल्या पद्धतीचे नाहीत. भारतातल्या प्रशिक्षणाशी जुळतात.

रवीला सहीपर्यंत नेणारं हेच वाक्य होतं. इथे चारशे ऐंशी व्होल्टला तपकिरी, नारिंगी, पिवळा. लाल-पिवळा-निळा तिकडचा क्रम. झोपेत हाताने जुनी सवय गिरवली असेल, असं त्याला वाटत होतं.

उपासनालाही क्षणभर वाटलं. मग तिची नजर कपाटावर गेली. डायपरच्या खोक्याला तपकिरी टेप होती, फॉर्म्युलाच्या डब्याला नारिंगी. रवीच्या बॅगेतली रिळं. अंधारात चाचपडताना चूक नको म्हणून तिनेच चिकटवलेली. घरात लाल टेप असती तर ती तापाच्या औषधाला लावली असती. शोधली होती. मिळाली नव्हती.

एकाच केबलचं एक टोक कडीत आणि दुसऱ्याची वेणी. एका माणसाचे दोन हात इतके वेगळे कसे?

फ्रिजवर प्रल्हाद काकांकडच्या काकूंचा स्टीलचा डबा होता. डिंकाचे लाडू भरून आलेला, परत द्यायचा राहिलेला. तिने त्यात घरचं चिवड्याचं पाकीट ओतलं. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. वीरला पोटाशी बांधलं आणि ती निघाली.

कारखान्याच्या दारात प्रल्हाद काका भेटले. पासष्टीचे, पांढरा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. टोकाशी बारका दिवा असलेला, आपल्याकडच्या प्रत्येक घरात असतो तो.

"अगं, बाळाला घेऊन इकडे कुठे?" त्यांनी वीरच्या टाळूवर हात ठेवला. "रवी कसाय?"

"बरा आहे. काकूंचा डबा द्यायचा होता."

"जा की आत. हेअरनेट घाल तेवढं." मग थांबून म्हणाले, "त्याला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. माणसाकडून होतं."

माया खरी होती. आणि शब्द असे, की चूक कोणाची हे ठरूनच गेलेलं होतं.

लाइन बंद होती. पराठे हाताने लाटले जात होते. अहिल्या काकू त्यांच्या ओट्याशी मसाला कालवत होत्या. ओट्यावर बॅटरीवरचा जुना रेडिओ, मागे सारणाचे मोठे डबे. मेथीच्या डब्याला निळी पट्टी, बटाट्याच्या डब्याला पिवळी, तिखटाच्या डब्याला लाल.

"दे त्याला माझ्याकडे. किती वाळलीस तू," काकू म्हणाल्या.

"नको, झोपलाय. काकू, आज रेडिओ नाही?"

"तो कसला लावतेस. सकाळची जुनी गाणी ऐकायचे मी, एएमवर. आता नुसती खरखर. लाइन चालू असली की बोलणंच नको."

"कधीपासून?"

"मेअखेरची मेमोरियल डेची सुट्टी झाली ना, तेव्हापासून. मंगळवारी आले तर ही धडधड माझ्या उशाशी आणून ठेवलेली."

"म्हणजे? लाइन आधी कुठे होती?"

"त्या खांबाजवळ. ह्यांना मोरीच्या बाजूला हवी होती, धुवायला सोपी. मला विचारतंय कोण."

उपासना खांबाकडे बघत राहिली. "नवीन मशीन आलं तेव्हा पूजा केली होती ना तुम्ही?"

"केली की. ह्यांनी नारळ वाढवला. फोटो आहे माझ्याकडे. तुमचा रवी पण होता, पण बाजूलाच. ये म्हटलं तर म्हणे, काकू, तुमचं चालू द्या, मी काम आवरतो."

"तो फोटो मला पाठवाल? रवीचा कामावरचा एकही नाही माझ्याकडे."

"तूच घे गं शोधून, माझे हात मसाल्याचे आहेत."

तिने फोटो स्वतःकडे पाठवला. मोठा करून पाहिला नाही. आधी तिला माणसं ऐकायची होती.

काकांचा पुतण्या अनीश कारखान्याचा मॅनेजर होता. इथेच वाढलेला, मराठी समजायचं सगळं, जिभेवर अर्धंच यायचं. त्याच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता.

"पॅनेलची चावी कोणाकडे असते, अनीश?"

"फक्त माझ्याकडे. अँड आय नेव्हर ओपन्ड इट. अपघाताच्या इन्स्पेक्टरलापण तेच सांगितलं."

"इतर कोणी उघडलं?"

"नाही. सील तसंच होतं."

"मेमोरियल डेच्या वीकेंडला तू इथे होतास?"

चाव्यांशी खेळत तो म्हणाला, "हो. फ्लोअर वॉश करायला."

"नक्की?"

"ताई, तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही. माझा नवरा पाच वाजता एका कागदावर सही करणार आहे."

अनीशने चाव्या मुठीत आवळल्या. "ओके. मी नव्हतो. जर्सी सिटीला होतो, गर्लफ्रेंडकडे. काकांना माहीत होतं, इतरांना नाही. काका म्हणाले, जा, मी बघतो इथलं. इन्स्पेक्टरला मी इथे होतो असं सांगून टाकलं. आता बदलू कसं?"

"तुला मोटरच्या तारांना टेप लावायची झाली तर कुठल्या लावशील?"

"ब्राउन, ऑरेंज, येलो. कम्युनिटी कॉलेजला फर्स्ट वीकमध्ये शिकवतात. का?"

"काही नाही."

प्रसाद जेवणाच्या खोलीत बसला होता. हाताला कोपरापर्यंत बँडेज. घरी करमत नाही म्हणून रोज यायचा, चहा प्यायचा, जायचा. चाळिशीचा, सांगलीकडचा. काकांनीच कागदपत्रं करून त्याला इथे आणलं होतं.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"नाही. नसलेलंच दुखतं कधीकधी."

"प्रसाद, पट्टा त्या दिवशीच पहिल्यांदा आपोआप हलला का?"

"हिसके मारायचा अधूनमधून. आठ-पंधरा दिवस. आम्ही म्हणायचो, अंगात आलंय."

"मेन बंद करून कुलूप नाही लावलं?"

"लावायला पाहिजे होतं. पण गोळा अडकला की सगळेच वेग शून्यावर आणतात आणि हात घालतात. दिवसाला वीसदा कुलूप कोण लावतंय."

"लाइन आधी कुठे..."

"इथेच होती," तो म्हणाला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. "पहिल्यापासून इथेच."

चहाचा कप डाव्या हातात होता. तो हलला नाही, पण त्याने तो प्यायलाही नाही.

उपासनाला एवढं पुरलं. काकूंना लपवायचं काहीच नव्हतं. प्रसादला होतं.

खांबाजवळची फरशी तिने निरखून पाहिली. करड्या फरशीवर चार गोल ठिपके. बोल्टची भोकं, पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली. तिथून मोरीजवळच्या लाइनपर्यंत तिने पावलं मोजली. बारा. भिंतीवरचं पॅनेल मात्र मोरीच्याच बाजूला होतं. म्हणजे लाइन पॅनेलच्या जवळ आली होती.

मग ती काकूंकडे गेली. "काकू, रेडिओ देता का जरा? आणि अनीश, लाइन पाच मिनिटं रिकामीच चालव. कोणी जवळ जाऊ नका."

"व्हॉट फॉर?"

"मला ती खरखर ऐकायची आहे."

पट्टा फिरू लागला. उपासनाने एका हाताने वीरचे कान झाकले आणि दुसऱ्या हातात रेडिओ धरून पॅनेलपासून चालायला लागली. पॅनेलपाशी बारीक कुजबुज. केबल जिथे सरळ वर गेली होती तिथेही तेवढीच. मशीनपाशी मोटरची आणि सिग्नलची केबल एकाच झिप-टायने करकचून बांधली होती. तिथे खरखर वाढली. जमिनीवरच्या पिवळ्या सुरक्षा-पट्टीच्या या बाजूला उभी राहून तिने रेडिओ मोटरच्या डबीकडे लांबवला.

रेडिओ किंचाळला. वीर दचकून उठला, पण रडला नाही. टक लावून बघत राहिला.

"बंद कर," ती अनीशला म्हणाली.

चार वाजायला दहा मिनिटं होती. तिने रवीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून ओट्यावर ठेवला. काकू, अनीश, प्रसाद तिथेच होते. आवाज ऐकून काकाही आले.

"काय चाललंय हे, पोरी?" ते म्हणाले.

"काका, बसा. मला काहीतरी सांगायचंय. चुकलं तर तुम्हीच दुरुस्त करा." तिचा आवाज सपाट होता. रागाने बोलायचं तिने घरून ठरवून आणलं होतं; तो राग वाटेत कुठेतरी सांडला होता.

"ड्राइव्ह मोटरला वीज सरळ देत नाही. सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून देतो. त्या तुकड्यांचा कचरा केबलभर सांडतो. तो अडवायला जाळी असते. पण नुसती जाळी असून भागत नाही. आलेला कचरा तिथल्या तिथे परत नेला पाहिजे. मोरीचं तोंड रुंद असलं तर बादली ओतली तरी पाणी जातं. तोंड चिंचोळं केलं तर पाणी घरभर होतं. कडीत चारही बाजूंनी आवळलेली जाळी म्हणजे रुंद मोरी. तिची वेणी घालून एका स्क्रूखाली दाबली की झालं चिंचोळं. मोटरच्या केबलला म्हणूनच दोन्ही टोकांना कडी लागते."

"रवीने एकाच टोकाला लावली. रिपोर्टमध्ये आहे," काका म्हणाले.

"आहे. आता दुसरी केबल. सिग्नलची. पट्टा किती जोरात फिरवायचा ते ही सांगते. शून्य व्होल्ट म्हणजे थांब. इथे तिची जाळी फक्त पॅनेलकडे जोडायची. मशीनकडे कापून झाकायची. दोन्हीकडे जोडली की दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला व्होल्टचा फरक त्या जाळीतून वाहायला लागतो. इथे ती दोन्हीकडे जोडलेली आहे. वर दोन्ही केबल्स एकत्र बांधलेल्या. प्रसादने शून्य दिलं. ड्राइव्हला ते शून्य दिसलं नाही."

प्रसादने मान खाली घातली.

"सगळ्यांना एकच विचारलं गेलं, पॅनेल कोणी उघडलं का? सगळे नाही म्हणाले. सगळे खरं बोलले. पॅनेल उघडायची गरजच नव्हती. लाइन पॅनेलच्या जवळ आली, केबल जास्तीची झाली. कोणीतरी ती मशीनच्या बाजूने कापली, आखूड केली आणि ते टोक नव्याने जोडलं. म्हणून एकीकडे कडी आणि एकीकडे वेणी. दोन हात आहेत ते. दोन माणसांचे."

"इलेक्ट्रिशियन आला असेल," काका म्हणाले.

"इथला इलेक्ट्रिशियन तारांना लाल, पिवळी, निळी टेप लावत नाही. अनीशही नाही लावणार. आणि तो त्या वीकेंडला जर्सी सिटीला होता. हे रंग लावायला माणूस आपल्याकडे शिकलेला हवा. तज्ज्ञाला तसा एकच माणूस माहीत होता. रवी."

"मग रवीच झाला ना."

"माझ्या घरी डायपरच्या खोक्याला तपकिरी टेप आहे, काका. फॉर्म्युलाला नारिंगी. नवऱ्याच्या बॅगेत जी असते तीच बायको डब्यांना लावते." ती काकूंच्या मागे बघत म्हणाली, "मेथीला निळी. बटाट्याला पिवळी. तिखटाला लाल."

काकू वळल्या. डब्यांकडे त्यांनी असं पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाच्या घरातले असावेत.

"ह्यांनीच दिली होती रिळं," त्या म्हणाल्या. "इचलकरंजीहून आणलेली. गेल्या दिवाळीत."

काका टेस्टर खिशातून काढून बोटांत फिरवत होते.

"एकच शंका उरली होती," उपासना म्हणाली. "रवीच कडी लावायला विसरला असेल आणि तुम्ही जशीच्या तशी जोडली असेल तर? रवीलाही हेच वाटत होतं. त्याला आठवत नाही. मी त्या दिवशी सतरा फोन केले होते." तिने काकूंच्या फोनवर पूजेचा फोटो उघडला आणि फोन अनीशच्या हातात दिला. "मी अजून मोठा करून पाहिला नाहीये. तू बघ. नारळाच्या मागे."

पूजेचा फोटो. खांबाजवळची लाइन. काकांच्या हातात नारळ, काकूंच्या हातात ताट. कडेला अर्धा कापला गेलेला रवी, निळ्या शर्टात. पूजेत नव्हता म्हणून हातातलं काम सोडलं नव्हतं. मोटरच्या डबीचं झाकण त्याच्या हातात होतं. डबी उघडी होती.

अनीशने दोन बोटांनी फोटो मोठा केला. खूप वेळ बघितलं.

"क्लॅम्प आहे," तो म्हणाला. "टेप ब्राउन, ऑरेंज... हो, येलो. इट्स ऑल देअर."

ओट्यावरच्या फोनमधून रवी म्हणाला, "अनीश, नीट बघ. क्लॅम्प आवळलेला दिसतो का?"

"दिसतो, रवीदादा."

"बरं," रवी म्हणाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बरं."

प्रल्हाद काका बसले. "अठरा वर्षं मिलमध्ये वायरमन होतो मी," ते म्हणाले. "दोनशे माग माझ्या हाताखाली चालायचे. जाळी म्हणजे अर्थिंग, आणि अर्थ म्हणजे अर्थ, जितका द्याल तितका बरा. सिग्नलला पण दिला. चांगलंच केलं असं वाटलं. लाल, पिवळा, निळा. दुसरं काय लावणार हात?"

"आणि नंतर? प्रसादचा हात गेल्यावर?"

"मला वाटलं, रवीचंच काहीतरी चुकलं असणार. देवाशप्पथ वाटलं. लाइन हलवल्याचं बोललो नाही, कारण इथलं लायसन नाही माझ्याकडे. या राज्यात बिनलायसनचा हात लागला म्हटलं की विमा हात वर करतो. तीस माणसं आहेत इथे, उपासना."

"आम्ही तिघं आहोत," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली नाही.

"वायर मी धरली होती," प्रसाद म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "रविवारी. जॅक लावून लाइन सरकवली दोघांनी. मी वायर धरली, काकांनी कापली. नंतर काका म्हणाले, बोलू नको, तुझाच त्रास वाढेल. मी नाही बोललो. त्यांनी आणलंय मला इथे." त्याने बँडेजकडे पाहिलं. "मी विचार केला, बोटं तर गेलीच आहेत."

काकू उठल्या. नवऱ्याकडे गेल्या नाहीत. प्रसादपुढचा गार चहा उचलला, ओतला, कप धुतला आणि उपडा घातला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही फोन करणार, का मी करू?"

"मी करतो," काका म्हणाले.

आधी ते लाइनपाशी गेले. मेन खाली ओढला. अनीशकडून कुलूप मागून घेतलं, लावलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. ओट्यावरचा रेडिओ चालूच राहिला होता. एक बाई हवामान सांगत होती. उद्या ऊन, संध्याकाळी थोडे ढग. अगदी स्वच्छ, शेजारी बसून सांगावं तसं. पाचही जणांनी शेवटपर्यंत ऐकलं.

टेस्टर ओट्यावर ठेवून काका ऑफिसात गेले. काचेतून ते दिसत होते. उभ्यानेच बोलत होते. एकदा त्यांनी प्रसादकडे पाहिलं.

उपासनाला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. सुटल्यासारखं तरी, नाहीतर वाईट तरी. बाळंतपणात आठवडाभर याच माणसाने दारात जेवणाचा डबा आणून ठेवला होता, बेल न वाजवता, बाळ झोपलं असेल म्हणून. तिने स्वतःला चाचपून पाहिलं. काही नव्हतं.

पार्किंगमध्ये रवीचा फोन आला.

"काकांनी आमच्या ऑफिसलापण फोन केला. मी सही नाही केली."

"हं."

"उपासना, मी त्या दिवशी लवकर निघालो, ते काम संपवूनच निघालो होतो नं?"

"हो. संपवून."

"म्हणजे तुझ्या फोनमुळे काही राहिलं नव्हतं."

समोरच्या काचेवर ऊन होतं.

"नव्हतं," रवीच म्हणाला. "घरी येतो."

वीरला मागच्या सीटमध्ये अडकवून ती गाडीत बसली. घड्याळात साडेचार झाले होते. तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरून निघाल्यापासून तिने त्याचा एकही श्वास मोजला नव्हता.

पहिल्या लाल सिग्नलला तिने आरसा नीट केला आणि मोजायला सुरुवात केली. सातापर्यंत आली. मग सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, आणि आकडा सुटला तो सुटलाच.